डॅनिश शिकताना क्रम चुकवू नका: आधी कान, मग तोंड, मग पुस्तक

डॅनिश शिकायला बसलेल्या बहुतेक मराठी माणसांचे पहिले काही महिने वाया जातात. मेहनत कमी पडते असं नाही, क्रम उलटा लागतो. ॲप उघडलं, पडद्यावरचा शब्द वाचला, इंग्रजीच्या सवयीने उच्चारला, वहीत देवनागरीत लिहून ठेवला आणि पुढचा धडा घेतला. काही महिन्यांनी बातमीचा मथळा वाचता येतो. पण बेकरीतली बाई काय म्हणाली ते कळत नाही आणि आपण काय म्हटलं ते तिला कळत नाही. मग लोक म्हणायला लागतात की ही भाषा आपल्याच्याने व्हायची नाही.

डॅनिशचं व्याकरण मराठीपेक्षा सोपं आहे. मी, तू, तो, आम्ही, ते, सगळ्यांना क्रियापदाचं एकच रूप चालतं. विभक्तीचं जंजाळ जवळपास नाही. लिंगं दोनच. अवघड आहे तो आवाज, कारण लिहिलेलं आणि बोललेलं यांत इथे मोठी दरी आहे. म्हणून सुरुवात आवाजापासून करायची. आणि आवाजाच्या कामात मराठी माणसाकडे एक भांडवल आधीच आहे, जे इंग्रजीमार्गे शिकायला गेलं की हातचं जातं. या लेखाचा बराचसा भाग त्याबद्दल आहे.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन, ऑर्हूस, ओडेन्स किंवा आल्बोर्गला नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर गेलेल्यांसाठी, आणि अजून पुण्या-मुंबईत बसून तयारी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

एक सूचना आधीच देतो. खाली डॅनिश शब्द देवनागरीत दिलेत ते फक्त दिशा दाखवण्यासाठी. संस्थांची नावं ओळखता यावीत म्हणून अक्षरांप्रमाणे लिहिली आहेत, बोलण्यातले शब्द कानाला लागतात तसे. प्रत्येक शब्द खऱ्या आवाजात ऐकल्याशिवाय पाठ करू नका.

टप्पा ० : बसण्याआधीची तयारी

फोनवर डॅनिश कीबोर्ड पहिल्याच दिवशी चढवा. डॅनिशमध्ये २९ अक्षरं आहेत. नेहमीची २६, आणि झेडनंतर आणखी तीन: ए आणि ई चिकटवलेलं, ओवर तिरपी रेघ मारलेलं, आणि ए-वर छोटं वर्तुळ असलेलं. ही तीन अक्षरं स्वतंत्र आहेत, नक्षी नव्हेत. वर्तुळ गाळलं तर 'मेंढी'चा 'बाप' होतो, आणि ओवरची रेघ गाळली तर 'करायला हवं'चं 'राहतो' होतं. शब्दकोशातही ती झेडच्या पुढे सापडतात. जुन्या नकाशांत किंवा आडनावांत दोन ए शेजारी दिसले तर तो वर्तुळवाल्या ए-चाच आवाज समजा. ते अक्षर १९४८च्या शुद्धलेखन सुधारणेत आलं. ऑर्हूस शहराने मात्र २०११पासून पुन्हा दोन ए लिहायला घेतले.

दुसरी गरज शब्दकोशाची. 'डेन डान्स्के ओर्डबोग' हा मोठा डॅनिश शब्दकोश जालावर फुकट आहे आणि बहुतेक शब्दांपुढे माणसाच्या आवाजातला उच्चार ऐकता येतो. अर्थ डॅनिशमध्येच दिलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला अर्थासाठी भाषांतराचं साधन वापरा. उच्चारासाठी मात्र इथेच या.

तिसरी गोष्ट म्हणजे हेडफोन आणि फोनवरचा आवाज रेकॉर्डर. यांच्याशिवाय पुढचे तीन टप्पे होणार नाहीत.

चौथी म्हणजे ध्येय, कारण त्यावर वेग ठरतो. दोन वर्षांच्या कामासाठी गेलेल्याला दुकान, शाळा, दवाखाना आणि कचेरीतल्या जेवणाच्या टेबलापुरती डॅनिश पुरते. कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा असेल तर किमान 'प्रोव्ह ई डान्स्क २' ही परीक्षा लागते, आणि नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे 'प्रोव्ह ई डान्स्क ३'. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या वर्षी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचून खात्री करा. ऐकीव माहितीवर दोन वर्षांची आखणी करू नका.

सावधान: नॉर्वेजियन आणि स्वीडिश ध्वनिफिती डॅनिशच्या जागी वापरू नका. छापील नॉर्वेजियन डॅनिशसारखं दिसतं म्हणून हा मोह होतो, पण उच्चार वेगळे आहेत आणि कान चुकीचा तयार होतो.

टप्पा १ : दोन आठवडे फक्त ऐकणं

या दोन आठवड्यांत वाचायचं नाही, शब्दांच्या याद्या करायच्या नाहीत. रोज अर्धा तास ऐकायचं. डीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मुलांसाठीच्या बातम्या, 'उल्ट्रा न्यूट', सुरुवातीला सोयीच्या, कारण वाक्यं छोटी असतात आणि चित्रावरून विषय कळतो.

अर्थ लागणार नाही आणि लागायची गरजही नाही. वाक्य कुठे थांबतं, जोर कुठे पडतो, कुठले तुकडे पुन्हा पुन्हा येतात, एवढंच टिपायचं. डॅनिश बोलताना शब्दांच्या शेपट्या गिळल्या जातात. जोर नसलेलं शेवटचं अक्षर शेजारच्या आवाजात विरून जातं. 'अर्थातच' या अर्थाचा शब्द लिहिताना चार स्वरांचा आहे आणि बोलताना उरतो 'सेफ्योली'. हा शब्द आधी वाचून शिकलेला माणूस तो समोर बोलला गेला तरी ओळखत नाही. आधी ऐकलेला माणूस नंतर लिखाणात पाहतो, तेव्हा त्याला फक्त जोडणी करायची असते.

दुसऱ्या आठवड्यात एक व्यायाम जोडा. दहा सेकंदांचा तुकडा निवडा आणि तो आठ-दहा वेळा ऐका. मग बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या क्षणाच्या अंतराने, तसाच आवाज काढा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. चाल जुळली पाहिजे.

तपासणी: दोन आठवड्यांनी ध्वनिफीत लावा. वाक्य संपलं की हात वर करा. बहुतेक वेळा हात बरोबर वर जात असेल तर पुढे चला. नसेल तर आणखी एक आठवडा इथेच थांबा.

टप्पा २ : क-ख आणि प-फ, म्हणजे मराठी माणसाचं भांडवल

मराठी माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो इथे, आणि सगळ्यात लवकर सुधारू शकतो तोही इथेच.

डॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे बी, डी आणि जी घोष नसतात, म्हणजे ते आपल्या ब, द, ग-सारखे घुमत नाहीत. कानाला ते प, त, क यांच्या जवळ लागतात. आणि सुरुवातीचे पी आणि के महाप्राण असतात, आपल्या फ (दोन्ही ओठ मिटून काढलेला, 'फळ'मधला) आणि ख-सारखे. म्हणजे प आणि फ, क आणि ख हा फरक आपण बालवाडीत गिरवला, तोच इथे बी आणि पी, जी आणि के यांच्यात आहे.

काही जोड्या पाहा. 'गाडी' हा शब्द बी-ने लिहितात आणि म्हणतात 'पील'. 'बाण' पी-ने लिहितात आणि म्हणतात 'फील'. 'वाहून नेणे' बी-ने लिहितात, म्हणतात 'पेऽअ', आणि 'नाशपती' पी-ने लिहितात, म्हणतात 'फेऽअ'. 'चालणे' जी-ने लिहितात, म्हणतात 'कॉऽ'. कॉफी 'खाफ'. राजधानीचं नावही इंग्रजीतलं कोपनहेगन नव्हे, 'खोपनहाउन'च्या जवळचं आहे. 'तू' या अर्थाचा शब्द डी-ने लिहितात आणि तो आपल्या 'तू'च्या अगदी जवळ जातो.

आता चूक कुठे होते ते बघा. इंग्रजी बोलताना आपण पी-ला 'प' आणि के-ला 'क' म्हणतो, महाप्राण लावत नाही. हीच सवय घेऊन डॅनिश 'नाशपती' म्हटली की समोरच्याला 'वाहून नेणे' ऐकू येतं. त्याला वाटतं आपण चुकीचा शब्द वापरला, आपल्याला वाटतं त्याला ऐकू कमी येतं. उपाय सोपा आहे. पी दिसला की निःसंकोच फ, के दिसला की ख, आणि बी-जी दिसले की प-क. पहिल्या दिवशी हे खोटं वाटेल. रेकॉर्ड करून शब्दकोशातल्या आवाजाशेजारी लावा, मग पटेल.

टी थोडा वेगळा आहे. सुरुवातीच्या टी-मध्ये त-नंतर किंचित स मिसळतो. 'चाक'मधला च जसा आपण त्स-च्या अंगाने म्हणतो, तसा. 'आभार' हा शब्द 'ताक' आणि 'चाक' यांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

हे सगळं शब्दाच्या किंवा जोर असलेल्या अक्षराच्या सुरुवातीला. स्वरानंतर आलं की ही अक्षरं मऊ पडतात किंवा नाहीशी होतात. 'दिवस' जी-ने संपतो, पण तो जी ऐकूच येत नाही. 'पुस्तक'ही जी-ने संपतं आणि म्हणताना 'पॉव' होतं.

तपासणी: बी-पी आणि जी-केच्या दहा जोड्या रेकॉर्ड करा आणि एखाद्या डॅनिश सहकाऱ्याला फक्त आवाज ऐकवून कुठला शब्द ते ओळखायला सांगा. दहापैकी आठ ओळखता आले की पुढे जा. डॅनिश माणूस ओळखीचा नसेल तर फोनचं श्रुतलेखन डॅनिशवर ठेवून त्याला बोलून दाखवा.

टप्पा ३ : जे आपल्या तोंडात नाहीत ते आवाज

इथे घाई करू नका. चार गोष्टी आहेत, पण चारही सारख्याच महत्त्वाच्या नाहीत.

मऊ डी सगळ्यात आधी. स्वरानंतर येणारा डी मराठी कानाला ल-सारखा लागतो. 'जेवण' 'मॅल'सारखं ऐकू येतं, 'रस्ता' 'केऽल'सारखा. पण तो ल नाही. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकवा आणि तिथून हलू देऊ नका. जिभेचा मधला भाग थोडा वर उचला. आता ल म्हणायचा प्रयत्न करा. टोक वर जायला धडपडेल, जाऊ द्यायचं नाही. जो ओलसर, अर्धवट आवाज येईल तोच हवा. आरशासमोर तोंड किंचित उघडं ठेवून करा, म्हणजे टोक उचललं गेलं तर दिसेल. हा आवाज रोजच्या शेकडो शब्दांच्या शेवटी येतो, म्हणून त्याला महिना दिला तरी वाया जात नाही.

मग ओठांचे स्वर. 'ई' म्हणा, जीभ तिथेच धरा, आणि फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. झाला वाय. 'ए' म्हणून ओठ गोल केले की रेघवाला ओ. हे जमलं नाही तर 'नवा' आणि 'नऊ' एक होतात, आणि 'उजेड' व 'ऊ' (डोक्यातली) एक होतात.

मग घशातला अडखळा. डॅनिशमध्ये त्याला 'स्टोड' म्हणतात. काही शब्दांत स्वराच्या शेवटी घसा क्षणभर आवळला जातो. लहान मूल भात नको म्हणून 'अं-अं' करतं, तेव्हा दोन अं-च्या मध्ये घसा जिथे आवळतो तीच जागा, पण पूर्ण बंद न करता. 'ती' आणि 'कुत्रा' हे दोन्ही शब्द 'हुन' असेच ऐकू येतात. फरक इतकाच की 'कुत्रा'मध्ये हा अडखळा आहे. 'वाचतो' आणि 'वाचक' यांचं लेखनही एकच, उच्चारात फक्त याचा फरक. असं असलं तरी सुरुवातीला स्टोड बोलता आला नाही म्हणून अडून बसू नका. तो ऐकून ओळखता आला की पुरे. वाक्याच्या संदर्भाने लोक तुमचं समजून घेतात, आणि देशाच्या दक्षिणेकडच्या बोलींत तो नाहीच.

शेवटी आर. शब्दाच्या सुरुवातीचा आर जीभ न थरथरवता घशातून काढायचा असतो, आणि स्वरानंतरचा आर 'अ'मध्ये विरतो. सुरुवातीचा आर मराठी पद्धतीने म्हटलात तरी कळतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी सुधारा. स्वरानंतरचा आर मात्र खडखडीत म्हणू नका, त्याने अख्ख्या वाक्याची चाल बिघडते.

सावधान: उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवायची सवय याच टप्प्यावर लागते आणि इथेच मोडायला हवी. आपल्या लिपीत मऊ डी-ला अक्षर नाही, गोल ओठांच्या स्वरांनाही नाही. आज ऐकून लिहिलेलं चार दिवसांनी वाचताना तुम्ही डॅनिश आवाज आठवत नाही, स्वतःचं अक्षर वाचत असता. वहीत डॅनिश लेखन आणि अर्थ लिहा. उच्चार फोनमध्ये ध्वनी म्हणून साठवा.

टप्पा ४ : नाम कधीच एकटं शिकायचं नाही

आता शब्द. डॅनिशमध्ये सामान्य लिंग आणि नपुंसकलिंग अशी दोन लिंगं आहेत. सामान्यला 'एन', नपुंसकाला 'एत'. सुमारे तीन चतुर्थांश नामं 'एन'ची आहेत, म्हणून अडलात तर 'एन' म्हणा. पण अंदाजावर जगू नका. मराठी माणसाला नामाला लिंग असतं हे समजवावं लागत नाही, लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं हेही नाही. फक्त मराठीतलं लिंग डॅनिशवर लादायचं नाही. आपली गाडी स्त्रीलिंगी म्हणून तिथे काही ठरत नाही.

ठरावीक वस्तूबद्दल बोलताना हाच शब्द नामाच्या शेवटाला चिकटतो. 'एन पील' म्हणजे एक गाडी, 'पीलन' म्हणजे ती गाडी. 'एत हूस' म्हणजे एक घर, आणि 'ते घर' म्हणताना शेवटी टी लिहितात पण उच्चार मऊ डी-चा होतो. टप्पा ३ आधी का ठेवला ते इथे लक्षात येईल.

विशेषण आलं की नियम बदलतो. 'एन स्तोअ पील', मोठी गाडी. 'एत स्तोअत हूस', मोठं घर. विशेषणाला टी लागला. 'ते मोठं घर' म्हणायचं असेल तर शेपटी काढून शब्द पुढे आणायचा: 'ते स्तोआ हूस'. शेपटी आणि पुढचा शब्द दोन्ही एकत्र वापरणं ही नेहमीची चूक. स्वीडिश किंवा नॉर्वेजियन शिकलेले लोक ती हटकून करतात, कारण त्या भाषांत ते बरोबर असतं.

शब्द निवडताना जेवणाच्या यादीपासून नको, स्वतःच्या दिवसापासून सुरू करा. बस, पाळणाघर, धुण्याची खोली, सायकल, आजारी असल्याचं कळवणं. रोज आठ शब्द पुरेत, पण प्रत्येक 'एन' किंवा 'एत'सकट आणि आवाजासकट.

टप्पा ५ : क्रियापद दुसऱ्या जागी

मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं. पहिल्या जागी काहीही येऊ द्या, क्रियापद दुसरंच. 'मी उद्या येतो' हे 'याय खॉमा इ मॉऽन'. उद्यापासून सुरुवात केली तर 'इ मॉऽन खॉमा याय', म्हणजे शब्दशः 'उद्या येतो मी'. इंग्रजीच्या वळणाने 'इ मॉऽन याय खॉमा' म्हटलं की चुकलं, आणि परीक्षेच्या लेखनात ही चूक चटकन नजरेत भरते.

नकाराचा शब्द 'एक' असा ऐकू येतो. मुख्य वाक्यात तो क्रियापदानंतर येतो: 'याय खॉमा एक', मी येत नाही. 'कारण', 'की', 'जर', 'जेव्हा' यांच्या मागे येणाऱ्या गौण वाक्यात तो क्रियापदाच्या आधी जातो: 'फॉती याय एक खॉमा', कारण मी येत नाही. मराठी 'येत नाही'चा क्रम मुख्य वाक्यात जुळतो आणि गौण वाक्यात उलटतो, एवढं ध्यानात ठेवा.

पुण्यात मॅक्समुलर भवनात जर्मन शिकून आलेल्यांनी इथे जरा जपावं. दुसऱ्या जागेच्या क्रियापदाची सवय त्यांना उपयोगी पडते, पण जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, डॅनिशमध्ये जात नाही. मराठीतही ते शेवटीच असल्यामुळे दोन्हीकडून ओढ लागते.

तपासणी: स्वतः लिहिलेल्या दहा वाक्यांत क्रियापदाखाली रेघ मारा. त्याच्या आधी एकच घटक आहे का मोजा. 'गेल्या आठवड्यात शनिवारी' हा एकाहून अधिक शब्दांचा असला तरी एकच घटक धरायचा.

टप्पा ६ : आकडे आणि घड्याळ, थेट मराठीतून

डॅनिश आकड्यांबद्दल इंग्रजीत जिकडेतिकडे तक्रारी वाचायला मिळतात. त्या वाचू नका. मराठी माणसाला हे आकडे परके नाहीत.

एकक आधी, दशक नंतर. ४३ म्हणजे 'त्रे-ऑ-फ्योआ', तीन आणि चाळीस, आपल्या त्रेचाळीससारखंच. इंग्रजीतून 'फॉर्टी-थ्री' करून मग उलटवत बसलात की समोरचा पुढचा आकडा सांगून मोकळा झालेला असतो.

पन्नासापासून पुढे विसाच्या पटीत मोजणी आहे आणि त्यात आपला अडीच, साडेतीन येतो. ६० म्हणजे तीन विसा, 'त्रेस'. ८० म्हणजे चार विसा, 'फीअस'. ५० म्हणजे अडीच विसा, 'हॅल्त्रेस'. ७० म्हणजे साडेतीन विसा, 'हॅल्फ्येअस'. ९० म्हणजे साडेचार विसा, 'हॅल्फेम्स'. शब्दातला 'हॅल' म्हणजे अर्धा, आणि त्याला जोडलेला आकडा पुढचा: तिसऱ्यातला अर्धा म्हणजे अडीच.

घड्याळातही हेच. 'हॅल त्रेऽ' म्हणजे अडीच वाजले, साडेतीन नव्हे. इंग्रजीच्या सवयीने 'हाफ पास्ट थ्री' समजून लोक दवाखान्याच्या वेळेला तासभर उशिरा पोचतात. 'हॅल' ऐकला की आकड्यातून अर्धा वजा करा. 'दीड'लाही स्वतंत्र शब्द आहे, 'हॅलानन', आणि दीड तास म्हणताना तो सर्रास येतो. सव्वा आणि पावणेही आहेत: तीनवर पाव, तीनला पाव कमी.

गोंधळाच्या दोन जागा आहेत. ४० 'फ्योआ' आणि ८० 'फीअस' यांची सुरुवात सारखी. ५० आणि ६० यांत फरक फक्त पुढच्या 'हॅल'चा. पैसे देताना आकडा कानांनी पकडून मग पडद्यावर बघा, रोजचा सराव आपोआप होतो.

तपासणी: डॅनिश फोन नंबर आठ आकडी असतो आणि बहुधा दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. चार जोड्या ऐकून न थांबता लिहिता आल्या की हा टप्पा झाला.

टप्पा ७ : वर्गात नाव घालणं

डेन्मार्कमध्ये नोंदणी होऊन सीपीआर नंबर, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, मिळाला की आपल्या कोम्यूनच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, स्प्रोगसेंटरकडे, म्हणजे भाषाकेंद्राकडे, डॅनिश शिक्षणासाठी अर्ज करा. नोकरीवर किंवा शिक्षणासाठी आलेल्यांकडून अनामत रक्कम घेतली जाते आणि शिक्षणाच्या हक्काला मुदत असते. रक्कम आणि मुदत आपल्या केंद्रात विचारा. 'जरा स्थिरस्थावर झालो की बघू' म्हणत लोक एक-दोन वर्षं घालवतात आणि मुदतीचा मोठा भाग निघून जातो. आल्याआल्या निदान चौकशी तरी करा.

शिक्षण तीन धारांत असतं. तिसरी धारा शाळा-कॉलेज पूर्ण केलेल्यांसाठी आणि तिचा वेग जास्त. पदवीधर मराठी माणूस बहुधा तिथे जातो. दुसरी धारा कमी शिक्षण झालेल्यांसाठी, पहिली वाचता-लिहिता न येणाऱ्यांसाठी. तिसऱ्या धारेत सहा मोड्यूल असतात. पाचव्याच्या शेवटी 'प्रोव्ह ई डान्स्क ३', सहाव्याच्या शेवटी विद्यापीठाकडे जाणारी 'स्टुडिएप्रोव्हन'. एका मोड्यूलची चाचणी पास झाल्यावरच पुढच्यात बसता येतं.

प्राथमिक मुलाखतीत शिक्षण आणि आधीच्या भाषा नीट सांगा. संकोचाने कमी सांगितलं तर संथ वर्गात पडाल. आणि वर्ग निवडताना घराजवळ आहे का हे आधी बघा, वेळ नंतर. नोव्हेंबरच्या अंधारात नोकरीनंतर तासभर प्रवास करून वर्गाला जाणं फार थोड्यांना झेपतं.

टप्पा ८ : समोरचा इंग्रजीवर गेला तर

जाणारच. बहुतेक डॅनिश लोकांना चांगलं इंग्रजी येतं आणि तुमची धडपड दिसली की ते मदत म्हणून भाषा बदलतात. त्यात अपमान नाही, पण सराव बुडतो. एक वाक्य तोंडात बसवून ठेवा: 'खॅन वी त्सेऽ ते फॉ तॅन्स्क?' म्हणजे हे डॅनिशमध्ये बोलू या का? आणि दुसरं: 'खॅन तु सी ते इकेन?' पुन्हा सांगता का? दोन्ही वाक्यांत मिळून टप्पा २मधले ख, क, फ आणि त आहेत. तिथली मेहनत झाली असेल तर समोरचा बहुधा डॅनिशवर परत येतो.

'तू'बद्दल संकोच सोडा. साहेब, डॉक्टर, मुलीची शिक्षिका, सगळ्यांना 'तू' आणि पहिलं नाव. आदरार्थी रूप भाषेत आहे, पण रोजच्या वापरातून जवळपास गेलं आहे. वयाने मोठ्या माणसाला 'तू' म्हणताना जीभ अडते, म्हणून लोक वाक्यच टाळतात आणि मग बोलणंच होत नाही. तसंच 'प्लीज'साठी शब्द शोधत बसू नका. आपण मराठीत जसा सूर मऊ करतो तसा करायचा, आणि शेवटी आभाराचा शब्द जोडायचा.

सरावाच्या जागा: अनेक सार्वजनिक वाचनालयांत भाषा-कट्टे भरतात, त्यांना 'स्प्रोगकाफे' म्हणतात आणि स्वयंसेवक बोलायला बसतात. मुलं पाळणाघरात जात असतील तर वाचनालयातून चित्रांची पुस्तकं आणून ती तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. मुलांचे उच्चार सहसा तुमच्यापेक्षा चांगले असतात आणि ती न लाजता चूक दाखवतात.

टप्पा ९ : परीक्षा

परीक्षा वर्षातून दोनदा असतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि हिवाळ्याच्या तोंडाशी. नावनोंदणीची तारीख बरीच आधी असते, ती केंद्रात विचारून कॅलेंडरवर लिहा. वाचन, लेखन आणि तोंडी असे भाग असतात. गुण सात पायऱ्यांच्या डॅनिश मापाने देतात: उणे ३, ००, ०२, ४, ७, १०, १२. ०२ म्हणजे पास.

मराठी उमेदवार बहुधा वाचनात पुढे आणि तोंडीत मागे असतात. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत वाचनाचे सराव-पेपर सोडवत बसण्यापेक्षा रोज दोन मिनिटं एका विषयावर बोलून रेकॉर्ड करा. ऐकताना तीनच गोष्टी तपासा: क्रियापद दुसऱ्या जागी आहे का, पी-के महाप्राण आहेत का, मऊ डी-चा ल झाला आहे का.

तोंडी परीक्षेसाठी भाषण शब्द न् शब्द पाठ करू नका. परीक्षक मध्येच प्रश्न विचारतो, पाठ केलेली साखळी तुटते आणि माणूस इंग्रजीवर येतो. सात-आठ मुद्दे कागदावर ठेवा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाक्यांत बोला. प्रश्न कळला नाही तर गप्प न बसता टप्पा ८मधलं दुसरं वाक्य वापरा. पुन्हा विचारायला सांगणं हेही डॅनिशमध्ये बोलणंच आहे.